वाचनालयाच्या यादीचं पान: जावास्क्रिप्टला ओळी सापडत नाहीत, सापडल्या तर अर्ध्याच बदलतात

देवघेव (सोमवार, रात्री ९:४०)

नमस्कार मंडळी. मी तालुक्याच्या एका 'ब' वर्ग वाचनालयात ग्रंथपाल आहे. आमच्या ४,३१२ पुस्तकांची यादी एका वेबपानावर आहे. भाच्यानं दिवाळीच्या सुट्टीत करून दिली. एकच मोठं टेबल: दाखल क्रमांक, शीर्षक, लेखक, विषय, स्थिती. वर शोधायची चौकट. स्थितीच्या रकान्यात 'उपलब्ध' किंवा 'बाहेर'. भाचा आता हिंजवडीत नोकरीला लागलाय आणि फोन उचलत नाही, म्हणून मीच यूट्यूब बघून एचटीएमएल शिकले आणि हात घातला. तेव्हापासून पान रुसलंय.

अडचणी अशा:

१. शोधाचा कोड मी पानाच्या वरच्या भागात हलवला, नीटनेटकं दिसावं म्हणून. आता कन्सोलमध्ये लाल अक्षरात 'कॅनॉट रीड प्रॉपर्टीज ऑफ नल' येतं.

२. ग्रंथमोजणीनंतर सगळी पुस्तकं परत आली की 'सर्व उपलब्ध' असं एक बटण दाबायचं. ८६ पुस्तकं बाहेर होती. बटण दाबलं, ४३ बदलली. परत दाबलं, २१ उरली. मी मोजलंय, सात वेळा दाबल्यावर सगळी होतात.

३. विषयाच्या रकान्यात 'डोंगरदऱ्या' असं मला डोळ्यांनी दिसतंय. शोधलं की शून्य.

तिसरी गोष्ट सांगितली तर घरचे माझ्याकडेच बघतात.

खटपट्या (सोमवार, रात्री १०:०५)

ताई, आधी पहिली.

ब्राउझर पान वरून खाली वाचत येतो आणि वाचता वाचता झाड उभं करतो. त्या झाडालाच डॉम म्हणतात. तुमचा कोड हेडमध्ये आहे, म्हणजे तो चालतो तेव्हा बॉडीतली एकही फांदी फुटलेली नाही. तुम्ही म्हणता 'शोधचौकट दे', तो म्हणतो 'कसली चौकट?' आणि हातात नल, म्हणजे 'काहीच नाही', ठेवतो. नलवर ॲडइव्हेंटलिसनर (काही घडलं की आपला कोड चालवणारा पहारेकरी) लावायला गेलात की ती लाल ओळ.

स्क्रिप्ट टॅगला डीफर लिहा. झाड पूर्ण झाल्यावर कोड चालेल.

आणि इथे कोड देवनागरीतच लिहितोय, तुम्ही एडिटरमध्ये रोमनमध्ये लिहालच. फक्त कॅपिटल सांभाळा: गेटएलिमेंटबायआयडी लिहिताना शेवटच्या आयडीतला आय मोठा, डी लहान. दोन्ही मोठे केलेत तर 'इज नॉट अ फंक्शन' म्हणून दुसरी लाल ओळ येईल. यात मी स्वतः एक अख्खी दुपार घालवलेली आहे.

कोकणकडा (सोमवार, रात्री १०:११)

हे सगळं रिॲक्टसारख्या फ्रेमवर्कमध्ये करा ना. २०२० नंतर कोण हातानं डॉमला हात लावतं?

खटपट्या (सोमवार, रात्री १०:१४)

कडा, एक टेबल, एक चौकट, एक बटण. उंदराला हाकलायला जेसीबी आणायचा का?

देवघेव (मंगळवार, सकाळी ८:२०)

डीफर लिहिलं. तरी तेच. कॅपिटल तपासले, बरोबर आहेत.

खटपट्या (मंगळवार, सकाळी ९:०२)

कोड वेगळ्या फाइलमध्ये आहे की पानातच स्क्रिप्ट टॅगच्या पोटात?

देवघेव (मंगळवार, सकाळी ९:१०)

पोटात.

खटपट्या (मंगळवार, सकाळी ९:१५)

मग डीफरचा उपयोग नाही. ते फक्त बाहेरून आणलेल्या फाइलला लागू होतं, पोटातल्या कोडला ब्राउझर ते शांतपणे दुर्लक्षित करतो, चूकही सांगत नाही. एक तर कोड वेगळ्या फाइलमध्ये काढा, नाहीतर सगळ्यात खाली, बॉडी बंद व्हायच्या आधी ठेवा. भाच्यानं खाली ठेवला होता तो उगाच नव्हे.

देवघेव (मंगळवार, सकाळी ९:४१)

खाली नेला. चालला! भाच्याची माफी मागते (त्यानं फोन उचलला तर).

आता दुसरी. बटणाचा कोड असा आहे:

यादी = डॉक्युमेंट.गेटएलिमेंट्सबायक्लासनेम('बाहेर')
फॉर (आय = ०; आय < यादी.लेंग्थ; आय++)
यादी[आय].टेक्स्टकंटेंट = 'उपलब्ध'
यादी[आय].क्लासलिस्ट.रिमूव्ह('बाहेर')

स्थितीच्या रकान्यात एक स्पॅन आहे, त्याला हा क्लास आहे. क्लासचं नाव मराठीत आहे म्हणून गडबड होते का?

पाटीपेन्सिल (मंगळवार, दुपारी १२:३०)

नाव मराठीत आहे याचा दोष नाही. क्लास, आयडी, अगदी जावास्क्रिप्टमधल्या चलांची नावंसुद्धा देवनागरीत चालतात. मी निवृत्त शिक्षक आहे. नातवंडांसाठी पाढ्यांचं पान केलं होतं, त्यात सगळी चलं 'बेरीज', 'उत्तर', 'चुका' अशीच आहेत.

घोटाळा आहे तो यादी जिवंत असण्याचा. गेटएलिमेंट्सबायक्लासनेम तुम्हाला यादीचा फोटो देत नाही, खिडकी देतो. रेशनच्या रांगेचं चित्र डोळ्यांपुढे आणा. तुम्ही शून्य नंबरच्या माणसाला धान्य देऊन घरी पाठवलंत, म्हणजे त्याचा 'बाहेर' क्लास काढलात. त्याच क्षणी सगळी रांग एक पाऊल पुढे सरकली. जो एक नंबरवर होता तो शून्यावर आला. पण तुमचा आय तर एकवर गेला! म्हणजे नव्या शून्यावरच्या माणसाला तुम्ही पाहिलंच नाही. असा एकाआड एक माणूस उपाशी राहतो.

८६ मधले ४३ गेले, ४३ उरले. ४३ मधले २२ गेले, २१ उरले. मग १०, ५, २, १, ०. मोजा, सात दाब. तुमचं मोजणं अचूक आहे. ग्रंथपालाचं असणारच.

एक नशीब म्हणा: तुम्ही आधी मजकूर बदलता आणि मग क्लास काढता. उलटं केलं असतंत तर यादी[आय] दुसऱ्या वेळी वाचेपर्यंत त्या जागी पुढचं पुस्तक आलं असतं आणि 'उपलब्ध' भलत्याच पुस्तकावर लागलं असतं.

उपाय: पहिली ओळ बदला.

यादी = डॉक्युमेंट.क्वेरीसिलेक्टरऑल('.बाहेर')

ही यादी फोटोसारखी. घेतली त्या क्षणी जी होती ती तशीच राहते, रांग हलत नाही. क्लासच्या नावाआधी टिंब विसरू नका, कारण इथे सीएसएसची (पानाच्या सजावटीची) भाषा चालते. आयडी असेल तर हॅश. गेटएलिमेंटबायआयडीला मात्र हॅश लावायचा नाही. दोन्हींत गल्लत सगळेच करतात.

खटपट्या (मंगळवार, दुपारी १२:५२)

सर, रांगेचं उदाहरण ढापणार आहे, सांगून ठेवतो.

भर घालतो: जुनी जिवंत यादी फॉरइच ओळखत नाही, क्वेरीसिलेक्टरऑलची ओळखते. आणि जिवंतच वापरायची असेल तर शेवटाकडून सुरुवात करा. मागचा माणूस गेला तर पुढच्यांना फरक पडत नाही.

अर्धविराम (मंगळवार, दुपारी १:२०)

मराठी नावांवरून एक गंमत. दाखल क्रमांक हाच आयडी ठेवला आणि तो इंग्रजी आकड्यांत असला तर क्वेरीसिलेक्टर भडकतो, कारण सीएसएसमध्ये नाव इंग्रजी आकड्यानं सुरू होऊ शकत नाही. पण देवनागरी आकड्यांत '#१२०३' लिहा, बिनतक्रार चालतं. त्याच्या लेखी ० ते ९ म्हणजे फक्त इंग्रजी, आपले आकडे म्हणजे नुसती अक्षरं. जावास्क्रिप्टच्या चलाचं नाव मात्र देवनागरी आकड्यानंही सुरू होत नाही, तिथे तो त्यांना आकडे म्हणून ओळखतो. एकाच घरात दोन न्याय.

कोकणकडा (मंगळवार, दुपारी १:४४)

हे भारी आहे. आत्ता कन्सोलमध्ये करून पाहिलं.

उंबरठा (मंगळवार, दुपारी ३:०५)

मी फारसा लिहीत नाही इथे, वाचतच असतो. पण एक शंका. ताई, बटण दाबून सगळी 'उपलब्ध' झाली, मग पान बंद करून उघडलंत की काय दिसतं?

देवघेव (मंगळवार, दुपारी ४:३०)

तेच तर चौथं दुखणं आहे, लिहायचं राहिलं. संध्याकाळी बदलून जाते, सकाळी परत ८६ 'बाहेर'. मला वाटलं आमचे लिपिक रात्री मोबाइलवर काहीतरी दाबतात. त्यांना बोललेसुद्धा.

उंबरठा (मंगळवार, दुपारी ४:३८)

लिपिकांना चहा पाजा.

जावास्क्रिप्टनं केलेला बदल तुमच्या ब्राउझरमधल्या झाडावर होतो. सर्व्हरवरच्या फाइलला त्याचा पत्ताही नसतो. पान परत उघडलं की फाइल नव्यानं वाचली जाते आणि नवं झाड उभं राहतं. शेजारच्या टेबलावरच्या संगणकाला तर तुमचा बदल कधी दिसलाच नसणार. फळ्यावर खडूनं लिहिलं म्हणून पुस्तकात छापलं जात नाही.

देवघेव (मंगळवार, दुपारी ४:५५)

अरे देवा. दोन महिने मी फळ्यावर लिहितेय.

खटपट्या (मंगळवार, संध्याकाळी ६:१०)

लोकलस्टोरेज म्हणून एक सोय आहे, पण ती त्याच ब्राउझरपुरती. तुमच्या संगणकावर साठवलेलं सभासदाच्या फोनवर जाणार नाही. देवघेवीची मूळ नोंद कुठे होते, रजिस्टरमध्ये की एक्सेलमध्ये?

देवघेव (मंगळवार, संध्याकाळी ६:२५)

दोन्हीकडे. एक्सेल रोज भरते.

खटपट्या (मंगळवार, संध्याकाळी ६:४०)

मग एक्सेल हीच खरी नोंद माना. रोज त्यातून सीएसव्ही (स्वल्पविरामांनी रकाने वेगळे केलेली साधी फाइल) काढून सर्व्हरवर टाका, पान उघडल्यावर कोड ती फाइल आणून टेबल भरेल. 'सर्व उपलब्ध' बटण काढूनच टाका, ते काम एक्सेलमध्ये करा. एवढं शिकून बटण काढायला सांगतोय, राग मानू नका.

देवघेव (मंगळवार, रात्री ९:१५)

राग नाही. रांग समजली तेवढं पुरे.

टेबल भरायचा कोड लिहायला घेतला आणि लगेच अडले. 'टेबल > टीआर' असं निवडलं तर शून्य ओळी येतात. फाइलमध्ये टेबलच्या लगेच आत टीआरच आहेत, मी शपथेवर सांगते.

पाटीपेन्सिल (मंगळवार, रात्री ९:३२)

फाइलमध्ये असतील, झाडात नाहीत. तुम्ही टीबॉडी लिहिलं नसलं तरी ब्राउझर वाचताना ते स्वतःहून मध्ये घालतो. म्हणून टीआर हे टेबलाचं नातवंड झालं, आणि '>' फक्त पोटची लेकरं पाहतं. 'टेबल टीआर' असं नुसती मोकळी जागा सोडून लिहा, म्हणजे सगळे वंशज येतील. किंवा 'टीबॉडी > टीआर'.

सवय लावून घ्या: 'पानाचा सोर्स पाहा' यावर विसंबू नका, इन्स्पेक्ट करून पाहा. सोर्समध्ये तुम्ही लिहिलेलं दिसतं, इन्स्पेक्टमध्ये ब्राउझरला समजलेलं.

देवघेव (बुधवार, सकाळी ११:००)

आज एक सभासद फोनवर शोधत होते. मराठी कीबोर्डवर लिहिलं तर यादी हलतच नाही, कधी एक अक्षर मागे राहते. आणि फोन अडखळतो. दर कळीला साधारण एक सेकंद. संगणकावर ठीक आहे. कोड देते:

चौकट.ॲडइव्हेंटलिसनर('कीअप', ...)
ओळी.फॉरइच(ओळ)
जर ओळ.इनरटेक्स्ट.इन्क्लूड्स(शब्द) तर ओळ.हिडन = फॉल्स, नाहीतर ट्रू

आणि सापडलेला शब्द पिवळा करायला ओळीच्या इनरएचटीएमएलमध्ये शब्दाऐवजी मार्क टॅगमध्ये गुंडाळलेला शब्द घातलाय. ते मी स्वतः केलं! छान दिसत होतं. पण शोधल्यावर प्रत्येक ओळीतलं 'क्रमांक कॉपी करा' बटण मरतं.

खटपट्या (बुधवार, सकाळी ११:४०)

तीन वेगवेगळे रोग आहेत, एकेक करून.

कीअप काढा, 'इनपुट' लिहा. फोनवर मराठी लिहिताना कीबोर्ड मध्ये अक्षरं जुळवत असतो, कळ कोणती दाबली हे पानाला धड कळतच नाही. अँड्रॉइडवर बहुतेक कळींसाठी एकच ठरलेला क्रमांक २२९ येतो. बोलून लिहिलं किंवा पेस्ट केलं तर कळ दाबलेलीच नसते. इनपुट इव्हेंट मात्र चौकटीतला मजकूर कसाही बदलला तरी येतो.

अडखळणं: इनरटेक्स्ट हे दिसणाऱ्या मजकुराचं काम करतं. कोणती गोष्ट दिसते, कोणती लपलेली, ओळ कुठे तुटते, हे सांगण्यासाठी ब्राउझरला पानाची मांडणी मोजावी लागते. तुम्ही एक ओळ वाचता (मांडणी मोजली), मग हिडन बदलता (मांडणी मोडली), पुढची ओळ वाचता (परत मोजा). हे ४,३१२ वेळा, प्रत्येक कळीला. संगणक दमदार म्हणून सहन करतो, फोन नाही करत.

टेक्स्टकंटेंट वापरा. ते मांडणीकडे बघत नाही, झाडातला मजकूर जसा आहे तसा देतं. त्याहून बरं: पान उघडल्यावर एकदाच सगळ्या ओळींचा मजकूर एका ॲरेत (कोडमधल्या यादीत) वाचून ठेवा, नंतर फक्त त्या ॲरेत शोधा. आधी सगळं वाचून घ्या, मग सगळं लिहा.

तिसरा रोग मोठा आहे, जेवून येतो.

पाटीपेन्सिल (बुधवार, दुपारी १:१०)

ते जेवतायत तोवर मी घेतो.

इनरएचटीएमएलला नवा मजकूर दिलात की ब्राउझर त्या ओळीतलं सगळं पाडतो आणि नव्यानं बांधतो. नवं बटण दिसायला हुबेहूब तेच, पण तुम्ही लिसनर लावला होता तो जुन्या बटणावर. वाडा पाडून तसाच वाडा बांधला, पण जुन्या दाराची किल्ली नव्याला कशी लागेल?

आता एक प्रयोग करा, हसू येईल. चौकटीत 'बाहेर' असं शोधा.

देवघेव (बुधवार, दुपारी २:०५)

केलं. टेबलाचं भजं झालं. स्थितीच्या रकान्यात अर्धवट टॅग, कोन, अवतरणचिन्हं, सगळं उघडं पडलंय.

पाटीपेन्सिल (बुधवार, दुपारी २:२०)

कारण तुमच्या क्लासचं नाव 'बाहेर' आहे! इनरएचटीएमएलमध्ये फक्त मजकूर नसतो, टॅग आणि त्यांची नावंही असतात. तुमचा कोड 'क्लास = बाहेर' यातल्या 'बाहेर'लाही पिवळं करायला गेला. इंग्रजी क्लास ठेवणाऱ्याला हे कधी कळलंच नसतं, कारण मराठी वाचक इंग्रजी शब्द शोधत नाही. मराठी नावाचा दोष नाही असं मीच म्हणालो होतो, म्हणून अर्धा दोष माझा.

खटपट्या (बुधवार, दुपारी २:५०)

नियम सोपा ठेवा: मजकूर बदलायचा तर टेक्स्टकंटेंट. क्लास बदलायचा तर क्लासलिस्ट. लपवायचं तर हिडन. इनरएचटीएमएल फक्त रिकाम्या डब्यात स्वतः लिहिलेलं भरायला. दुसऱ्यानं लिहिलेलं त्यात कधीही घालू नका. तुमच्याकडे 'पुस्तक सुचवा' अशी चौकट आहे का?

देवघेव (बुधवार, दुपारी ३:०२)

आहे. सुचवलेली नावं खाली यादीत दिसतात.

खटपट्या (बुधवार, दुपारी ३:१०)

ती यादी इनरएचटीएमएलनं भरत असाल तर आजच बदला. कुणी पुस्तकाच्या नावाऐवजी चित्राचा टॅग लिहिला, चित्र न सापडल्यास अमुक कोड चालव असं त्यात घातलं, तर तो कोड प्रत्येक सभासदाच्या ब्राउझरमध्ये चालेल. इनरएचटीएमएलनं घातलेला स्क्रिप्ट टॅग चालत नाही हे ऐकून लोक निर्धास्त राहतात, पण चित्राच्या ऑनएररला कुणी अडवत नाही. टेक्स्टकंटेंटनं भरलं तर तोच टॅग मुकाट अक्षरं होऊन दिसतो.

आणि बटणांसाठी प्रत्येकावर लिसनर लावूच नका. टीबॉडीवर एकच लावा. कुठेही क्लिक झाली तरी ती वर वर बुडबुड्यासारखी टीबॉडीपर्यंत येते. तिथे विचारा: इव्हेंट.टार्गेट.क्लोजेस्ट('बटन'). बटण सापडलं तर त्यावरून क्लोजेस्ट('टीआर') आणि मग दाखल क्रमांक. ४,३१२ पहारेकऱ्यांऐवजी वेशीवर एक. सीएसव्हीतून ओळी नंतर आल्या तरी चालतं.

कोकणकडा (बुधवार, दुपारी ३:३०)

पिवळं करायला हायलाइट एपीआय वापरा. झाडाला हात न लावता मजकुराच्या पल्ल्याला रंग देता येतो, टॅग घालावाच लागत नाही. आता नव्या ब्राउझरांत आहे. (बघा, मी पण फ्रेमवर्कशिवाय बोलू शकतो.)

खटपट्या (बुधवार, दुपारी ३:३४)

+१. कड्यावर आज ऊन पडलंय.

अवांतर: २००६ साली जॉन रेसिगनं जेक्वेरी ही तयार कोडची लायब्ररी आणली ती याच कामासाठी, डॉमला धरणं आणि बदलणं, प्रत्येक ब्राउझरची वेगळी नाटकं न सोसता. सीएसएसच्या भाषेत निवडायची सवय लोकांना तिनंच लावली. आज ते क्वेरीसिलेक्टर म्हणून ब्राउझरमध्येच आहे. म्हणून ताईंच्या पानाला काहीच लागत नाही.

देवघेव (गुरुवार, सकाळी १०:१५)

सगळं केलं. फोनवर सरसर चालतंय. बटणं जिवंत आहेत. लिपिकांना चहा पाजला.

आता राहिल्या दऱ्या. 'डोंगरदऱ्या' अजून सापडत नाही. तसंच 'वऱ्हाड'. 'ॲटलास' लिहिलं तर ९ पैकी २ येतात.

अर्धविराम (गुरुवार, सकाळी ११:३०)

याचीच वाट पाहत होतो. मी मुद्रितशोधक आहे, या र नं माझी बरीच झोप घालवली आहे.

मराठीतला 'ऱ्या', 'ऱ्हा' यांतला तो आडवा र दोन प्रकारे साठवला जातो. एक, साधा र, हलन्त आणि पुढे एक अदृश्य जोडक, युनिकोडमध्ये २००डी. दोन, नुक्तावाला ऱ, क्रमांक ०९३१, आणि हलन्त. मूळात हा नुक्तावाला ऱ द्रविडी भाषांतला र देवनागरीत लिहायला ठेवलेला. पडद्यावर दोन्ही सारखेच दिसतात. पण जावास्क्रिप्ट अक्षरं बघत नाही, क्रमांक जुळवतं. तुमची यादी कशी तयार झाली?

देवघेव (गुरुवार, सकाळी ११:४२)

निम्मी जुन्या फॉन्टमधून कन्व्हर्टर लावून, निम्मी मी हातानं.

अर्धविराम (गुरुवार, दुपारी १२:१५)

मग तेच. कन्व्हर्टरनं एक प्रकार घातला, तुमचा फोन दुसरा घालतो. 'ॲ'चंही तसंच: ०९७२ हे एकसंध अक्षर, किंवा अ वर अर्धचंद्र, किंवा अ, मध्ये अदृश्य जोडक आणि मग अर्धचंद्र. तीन ॲटलास, तीनही सारखे दिसणारे.

खात्री करायची तर कन्सोलमध्ये शब्दाची फोड करा: शब्दातलं एकेक अक्षर घेऊन त्यावर कोडपॉइंटॲट(०).टूस्ट्रिंग(१६). जिथे २००डी दिसेल तिथे भूत आहे.

नॉर्मलाइझ नावाचं फंक्शन आहे, पण ते इथे कामाचं नाही. र आणि सुटा नुक्ता एकत्र करून ऱ करेल इतकंच. जोडकाला ते हात लावत नाही.

कोकणकडा (गुरुवार, दुपारी १२:३०)

सोपं आहे, दोन्हीकडून जोडक उडवा आणि सगळे ऱ चे र करा. सगळं सपाट.

अर्धविराम (गुरुवार, दुपारी १२:४८)

आणि मग दऱ्यांचा दर्या होतो! 'दऱ्या' म्हणजे डोंगरातल्या, 'दर्या' म्हणजे समुद्र. 'आचाऱ्यांना बोलवा' आणि 'आचार्यांना बोलवा' यांत जेवणाचा आणि प्रवचनाचा फरक आहे. मराठीत हे दोन र वेगळे आहेत, म्हणून तर ही भानगड.

क्रम महत्त्वाचा. आधी 'र, हलन्त, जोडक' हे तिघे जिथे जिथे एकत्र दिसतील तिथे 'ऱ, हलन्त' करा. त्यानंतर उरलेले जोडक आणि त्याचा भाऊ २००सी उडवा. मग ०९७२ चं अ आणि अर्धचंद्र करा. उलट क्रमानं गेलात तर दर्यात बुडालात.

आणि हे फक्त शोधण्यासाठीच्या ॲरेत करा, पडद्यावरच्या मजकुराला हात लावू नका. शब्द शोधताना चौकटीतला शब्दही याच फंक्शनमधून काढा.

पाटीपेन्सिल (गुरुवार, दुपारी १:०५)

आकडेही त्यातच घ्या. तुमच्या टेबलात दाखल क्रमांक देवनागरीत आहे, सभासद फोनवर इंग्रजी आकडे लिहितात. नंबर('१२०३') चं उत्तर नॅन, म्हणजे 'ही संख्या नाही', येतं, आणि रेग्युलर एक्स्प्रेशनमधला अंकासाठीचा डी देवनागरी अंक ओळखत नाही. देवनागरी शून्याचा क्रमांक दशमानात २४०६ आहे. प्रत्येक अंकाच्या क्रमांकातून २४०६ वजा करा, इंग्रजी अंक मिळतो. दाखवायचं काम उलट आणि सोपं: संख्येवर टूलोकेलस्ट्रिंग('एमआर-आयएन') म्हटलं की ४,३१२ असं स्वल्पविरामासकट देवनागरीत येतं.

देवघेव (शुक्रवार, रात्री ८:५०)

'डोंगरदऱ्या' १७ आल्या. 'दर्या' ५ आले, सगळे समुद्राचेच. ॲटलास ९ पैकी ९. इंग्रजी आकड्यांत दाखल क्रमांक लिहिला तरी पुस्तक येतं. भाच्यानं आज फोन केला, 'मावशी, पान कुणी केलं?' म्हणाला.

एकच राहिलं. 'कऱ्हाड' शोधलं तर ८ येतात, पण माझ्या आठवणीत कऱ्हाडवर त्याहून जास्त पुस्तकं आहेत. मी हातानं चाळलं. काही ठिकाणी 'कराड' आहे, ते ठीक. पण काही ठिकाणी 'क-हाड' आहे. मधे डॅश! 'दुस-या', 'गु-हाळ' असंही.

अर्धविराम (शुक्रवार, रात्री ९:०५)

हहपुवा (हसून हसून पुरेवाट). तो जुन्या टायपिंगचा अवशेष आहे. कीबोर्डवर आडवा र सापडेना म्हणून लोक डॅश ठोकायचे, दिसायला जवळपास तसाच. त्याच्यासाठी नियम लिहू नका. 'देव-यक्ष' लिहिलेलं कुठे असेल तर त्याचा देवऱ्यक्ष होईल. य किंवा ह च्या आधी डॅश असलेल्या ओळी फक्त शोधून काढा आणि एक्सेलमध्येच एकेक बघून दुरुस्त करा.

देवघेव (शनिवार, दुपारी १२:१०)

६४ ओळी निघाल्या. ५९ मध्ये आडवा र होता, ५ खरे डॅश. लिपिक आणि मी बसून केल्या, चहा या वेळी त्यांनी पाजला.